परत केलेलं फुलपात्र

डिसेंबरात भारतातून कुणी आलं की त्यांना ख्रिसमस मार्केट दाखवावंच लागतं. त्यातून सुटका नाही. जर्मनीत येऊन मला सतरा वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर ही मार्केटं मला सगळी सारखीच वाटतात. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, साखरेत परतलेल्या बदामांचा वास, लोकरीच्या टोप्या, लहान मुलांसाठी गोल फिरणारे घोडे आणि थंडीत उभ्या उभ्या गरम वाइन पिणारी माणसं. दहा मिनिटांत माझ्या पायाची बोटं बधिर होतात आणि मग बाकीचा वेळ मी घरी कधी जायचं याचाच विचार करत असते.

नवऱ्याला मात्र हे सगळं मनापासून आवडतं. तो वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे आनंदसुद्धा तो वेळापत्रक आखून घेतो. तीन वर्षांपूर्वी त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यानं ऑक्टोबरातच एक्सेलमध्ये यादी केली होती. कुठलं मार्केट, कोणत्या दिवशी, गाडीनं की रेल्वेनं, परतीची ट्रेन किती वाजता. शनिवार-रविवार तो नेणार होता आणि आठवड्यातली एक दुपार माझ्या वाट्याला आली होती. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि घरून काम करते, म्हणजे मी मोकळीच असते असं आमच्या घरात सगळ्यांनी कधीच ठरवून टाकलं आहे.

सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. बत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं आणि आपल्या स्मरणशक्तीचा त्यांना फार अभिमान होता. कुणी विषय काढला की, आणि नाही काढला तरी, आपल्या पहिल्या वर्गाच्या हजेरीपटावरची एक्केचाळीस नावं त्या क्रमानं म्हणून दाखवायच्या. वडिलांच्या नावांसकट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ती ऐकली होती आणि कौतुकानं मान डोलावली होती. पुढच्या वेळांना नुसतीच डोलावली.

त्यांच्याबरोबर एक फुलपात्र असायचं. स्टीलचं, बुटकं, काठाशी जरा चेपलेलं. तसं म्हटलं तर सोवळं-ओवळं त्या काही पाळत नव्हत्या. पण परक्या माणसानं तोंड लावलेल्या कपाला त्यांना तोंड लावता येत नसे. हॉटेलात चहा आला की तो फुलपात्रात ओतून घ्यायच्या, विमानातही तेच. मी एकदा म्हटलं होतं की अहो आई, धुतलेला असतो कप. तर म्हणाल्या, धुतला तरी मला तो माणूस पिताना दिसतो, त्याला काय करू?

त्या फुलपात्रावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे निम्म्या भांड्यांवर देणाऱ्याचंच नाव असतं, तसं. हे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं होतं आणि खाली 'धाकटीस, नोकरीबद्दल' एवढंच. सासूबाईंना शाळेत नोकरी लागली त्या दिवशी बहिणीनं ते आणून दिलं होतं. आई लवकर गेल्यामुळे या बहिणीनंच त्यांना वाढवलेलं. शेवटची चार वर्षं ती बहीण सगळं विसरली. सासूबाई दर गुरुवारी दोन बस बदलून तिला भरवायला जायच्या आणि ती दर गुरुवारी विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं, घास पुढे केला आणि परतताना बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाल्या की माझं असं झालं तर मला कुणाच्या गळ्यात घालू नका. त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाची भीती वाटलेली मी पाहिली नाही.

पहिलं मार्केट गोस्लारचं झालं. तिथे टपरीवरच्या माणसानं फुलपात्रात पेय ओतायला नकार दिला. कारण असं की इथल्या प्रत्येक मगाला आतून एक रेघ असते आणि पेय त्या रेघेपर्यंत भरूनच द्यावं लागतं, तसा नियम आहे. फुलपात्राला रेघ नव्हती. मला वाटलं आता सासूबाईंचं बिनसणार, पण हा नियम त्यांना फारच पसंत पडला. आमच्या दूधवाल्याला इथं आणून उभा करा, म्हणाल्या. मग पद्धत ठरली. पेय मगात घ्यायचं, मी ते फुलपात्रात ओतायचं आणि रिकामा मग परत द्यायचा. मग घेताना वर थोडे पैसे ठेवून घेतात, तो परत केला की ते पैसे परत मिळतात. याला प्फांड म्हणतात. सासूबाईंनी शब्द लगेच उचलला आणि दर वेळी मला आठवण करू लागल्या, प्फांड घेतलास ना?

वाइन त्या घेत नव्हत्या. मुलांसाठी फळांच्या रसाचं गरम पेय मिळतं ते घ्यायच्या आणि माझ्या वाइनचा नुसता वास घेऊन म्हणायच्या, लवंग, दालचिनी, संत्र्याची साल, हा तर काढा आहे, एवढं काय कौतुक. बटाट्याचा कीस तळून त्यावर सफरचंदाचा गर घालून देतात, तो त्यांना इतका आवडला की एका बाजूनं कुरकुरीत व्हायला तेल किती तापवलं पाहिजे हे त्यांनी मला त्या बाईला विचारायला लावलं. एकूण त्या मजेत होत्या. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

माझ्या वाटणीची दुपार ब्राउनश्वाइगची होती. आमच्या गावापासून रेल्वेनं वीस-पंचवीस मिनिटं. जुना किल्ला, कॅथीड्रल आणि त्यांच्यामधल्या चौकात सगळा बाजार. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, म्युनिकचा एक सहकारी दर अर्ध्या तासानं फोन करत होता आणि मी सुट्टी न टाकता निघाले होते, त्यामुळे प्रत्येक फोन घ्यावाच लागत होता. सासूबाई लाकडी खेळण्यांच्या टपरीपाशी रमल्या होत्या. मी उंच टेबलापाशी उभी. समोर माझा मग, त्यांचा रिकामा मग आणि त्यांचं पिऊन झालेलं फुलपात्र. पाचवा की सहावा फोन आला. मान तिरपी करून फोन खांद्यात धरला, घड्याळ पाहिलं, ट्रेनला अकरा मिनिटं होती. एका हातात दोन मगांचे कान धरले, सुटं राहू नये म्हणून फुलपात्र एका मगात टाकलं आणि सगळं मिळून परत घेण्याच्या खिडकीत ठेवून दिलं. तिथल्या बाईनं प्फांडची नाणी दिली. सासूबाई आल्यावर त्यांनी विचारलं, घेतलास ना? घेतला म्हटलं, चला लवकर.

ट्रेनमध्ये बसल्यावर त्यांची पाचची गोळी घ्यायची वेळ झाली. त्यांनी थर्मास काढला, कापडी पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, "फुलपात्र कुठेय गं?"

त्याच क्षणी मला ते दिसलं. मगाच्या कडेवरून वर आलेला तो चेपलेला काठ, अगदी स्पष्ट. गाडी सुटून दोन मिनिटं झाली होती. पुढच्या स्टेशनवर उतरून परत जाता आलं असतं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण म्युनिकचा फोन परत वाजत होता, दिवसभर मी सगळ्यांना सॉरी म्हणत होते आणि त्या फुलपात्रापायी दर वेळी ओतत बसायचा मला वैताग आला होता, हेही खरंच. मी म्हटलं, "तुम्हीच नाही का पिशवीत ठेवलंत?"

प्रश्न विचारला होता, म्हणजे खोटं बोलले नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. उद्या जाऊन घेऊन येऊ, कोपऱ्यात सापडलं म्हणून सांगू, आज उगाच बोलणी कशाला खा.

त्यांनी पिशवी उपसली. रुमाल, गोळ्यांची डबी, शेंगदाण्याच्या लाडवांचा पुडा, चष्म्याचं घर, हातमोजे, सगळं मांडीवर. समोरच्या जर्मन माणसानं पाय आत घेतले. परत सगळं भरलं, परत उपसलं. असं चार वेळा. मी फोनवर बोलत होते, पण बघतही होते. शेवटी पिशवी मिटून त्या म्हणाल्या, "ठेवल्याचं मला आठवत नाही." थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "पण ठेवलं असेल." गोळी त्यांनी थर्मासच्या झाकणातल्या पाण्याबरोबर घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गाडी काढून ब्राउनश्वाइगला गेले. खिडकीत वेगळी मुलगी होती. तिनं सांगितलं की वापरलेले मग क्रेटमध्ये भरून मागे धुवायला जातात. मागे रबरी एप्रन घातलेला एक माणूस वाफेत उभा होता आणि आजूबाजूला क्रेटच क्रेट. मी हातानं आकार दाखवला, स्टीलचं, वर अक्षरं कोरलेली, कान नसलेलं. कान नसलेलं याचं त्याला आश्चर्य वाटलं. गरम पेयाचं भांडं आणि धरायचं कुठे? सापडलं तर बाजूला ठेवीन म्हणाला आणि एका पुठ्ठ्यावर माझा नंबर लिहून घेतला. त्यानंतर आणखी दोनदा मी गेले. पुठ्ठा भिंतीला नीट लावलेला होता. फुलपात्र नव्हतं.

आता सांगून टाकायला काय हरकत होती? पण पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात आणि चौथ्या दिवशी चार. मी रोज उद्यावर ढकलत होते. अशी मी काही भित्री नाही. ऑफिसात माझ्या तोंडाला लोक घाबरतात. या एका बाबतीत मात्र मी शेपूट घातली.

घरात सासूबाई बदलत चालल्या होत्या. आल्यापासून त्या एकट्या बसनं सुपरमार्केटला जायच्या, बोटानं दाखवून भाजी आणायच्या आणि ड्रायव्हरला गुटेन टाख म्हणायच्या. ते बंद झालं. स्टॉप विसरले तर, म्हणाल्या. शेगडी बंद केली का ते त्या दोन-दोनदा स्वयंपाकघरात येऊन बघायला लागल्या. एक वही केली आणि तिच्यात गोळी घेतली, दार लावलं, फोन चार्ज केला असं सगळं लिहून वेळ टाकायला लागल्या. एवढं सगळं एका भांड्यावरून होईल असं मला वाटलं नव्हतं. किंवा वाटायला हवं होतं. ती बस, तो गुरुवार, मला माहीत होतं सगळं.

मग एका सकाळी मी चहा करत असताना त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. हजेरीपट चालू होता. पण कुणाला म्हणून दाखवायला नव्हे, एकट्याच म्हणत होत्या. तेविसाव्या नावाला अडल्या. पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तेविसाव्यालाच अडल्या. तिसऱ्यांदाही. इतक्या वर्षांत त्या अडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. चहा उतू गेला. मी तो पुसला, उरलेला वाटीत ओतून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि तरीही काही बोलले नाही. मला स्वतःची लाज वाटली, पण नुसती लाज वाटून कुणाचं काय भलं होतं?

चौथ्या अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी, नाश्ता झाल्यावर, त्यांनी मुलाला समोर बसवलं. सगळं आधीच ठरवून आल्यासारख्या शांतपणे बोलल्या. पुण्याला गेल्यावर फ्लॅट बंद करायचा आणि नाशिकला लेकीकडे जाऊन राहायचं. एकटीनं राहण्यात आता अर्थ नाही, गॅस चालू राहिला तर शेजाऱ्यांनाही धोका. अक्काचं असंच सुरू झालं होतं, आधी वस्तू हरवायच्या. नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो हळवा आहे पण दाखवत नाही, लगेच कामाला लागतो. आल्झो, तर मग आधी डॉक्टरची टर्मिन, भेटीची वेळ घेऊ, म्हणाला आणि फोनमधलं कॅलेंडर उघडलं. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुझ्या काही लक्षात आलंय का गेल्या काही दिवसांत?"

मी नाही म्हटलं. इतकं हळू म्हटलं की आईला वाईट वाटू नये म्हणून मी सांगत नाहीये असं त्याला वाटलं. त्यानं मान हलवली. सासूबाईंनीही माझ्याकडे बघितलं आणि त्यांना तसंच वाटलं. त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या, सांभाळून घेतेयस म्हणून. ते हसणं मला सहन झालं नाही.

सोमवारी दुपारी मी त्यांना म्हटलं की चला, ब्राउनश्वाइगला जाऊन येऊ. त्या नको म्हणत होत्या. मी हट्टानं नेलं. घरी सांगता आलं नसतं असं नाही. पण घरी सांगून झालं की स्वयंपाकघरात शिरून दार लावून घेता आलं असतं आणि मला ती सोय नको होती. बाजारात नेहमीसारखी गर्दी होती. मी त्यांना त्याच खिडकीसमोर उभं केलं आणि सांगितलं की आई, त्या दिवशी फुलपात्र मी इथं परत दिलं. मगात घालून. फोनच्या नादात. ते तुमच्याकडे परत आलंच नव्हतं.

आजूबाजूला लोक मग ठेवत होते, नाणी घेत होते.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही आई. तुम्ही विसरला नव्हता."

"मी पिशवीत ठेवलंच नव्हतं?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, इतका उघड की मलाही हायसं वाटलं. मला वाटलं संपलं एकदाचं. मग त्या म्हणाल्या, "चार वेळा पिशवी उपसली मी गाडीत. तू बघत होतीस."

ट्रेनमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

संध्याकाळी नवऱ्याला मीच सांगितलं. तो फक्त "तू?" एवढंच म्हणाला आणि उठून बाल्कनीत गेला. तो मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. चोवीस तारखेला दुपारी इथं सगळी दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात, आणि आम्ही तिघं तीन खोल्यांत. नवऱ्यानं आणलेलं छोटं झाड हॉलमध्ये एकटंच लुकलुकत होतं.

पंचवीस तारखेच्या सकाळी मी ओट्यापाशी होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत त्यांनी हजेरी सुरू केली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. वडिलांच्या नावांसकट. तेविसावं न अडखळता घेतलं आणि माझ्याकडे आणखी रोखून बघितलं. एक्केचाळीसपर्यंत गेल्या. मी हातातला चमचा खाली ठेवून ऐकत होते, बाईंसमोर उभं राहावं तशी. शेवटचं नाव झाल्यावर म्हणाल्या, "चहा टाक." डॉक्टरची टर्मिन नवऱ्यानं रद्द केली. चहा त्यांनी वाटीतून घेतला.

त्या फेब्रुवारीत परत गेल्या, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. राग गेला होता असं मी म्हणणार नाही, पण त्याची त्यांनी थट्टा करून टाकली. पुण्यात त्यांची एखादी वस्तू सापडेनाशी झाली की मला फोन यायचा. अगं, माझी किल्ली दिसत नाहीये, तू तर नाही ना कुठे परत केलीस? मी म्हणायची, केली असेन आई, प्फांड घेतला का बघते. मग त्या मनसोक्त हसायच्या. मला बरं वाटायचं. दोष माझ्याकडे आहे तोवर सगळं ठीक होतं.

दोन वर्षं असं चाललं. मग फोन वाढले. किल्ली, पासबुक, पुन्हा किल्ली, त्याच दिवशी पुन्हा किल्ली. गेल्या उन्हाळ्यात नणंद पुण्याला जाऊन राहिली आणि परतताना त्यांना नाशिकला घेऊन गेली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला तोवर कळलेलंच होतं. त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी जो पट म्हणून दाखवला, तो खणखणीत होता, याची मला पूर्ण खात्री आहे. हे नंतर आलं. ते माझ्यामुळे आलं नाही, असं नवरा म्हणतो, डॉक्टर म्हणतात, नणंदही म्हणते. मीही तसंच समजते. पण भीती लवकर आली ती माझ्यामुळे. चांगल्या चाललेल्या दिवसांतले बारा दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले.

या डिसेंबरात मी पुन्हा ब्राउनश्वाइगला गेले. पाहुणे कुणी नव्हते. नवरा म्हणाला चल, म्हणून गेलो. दुपारचे साडेतीन, म्हणजे नाशिकला रात्रीचे आठ, त्यांची जेवणं झालेली असणार. नवऱ्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून टपऱ्या, घोडे, दिवे असं सगळं दाखवलं. सासूबाई नणंदेशेजारी पलंगावर बसल्या होत्या. केस नणंदेनं कापून बारीक केले आहेत. त्यांनी मुलाला ओळखलं, मला ओळखलं, बटाट्याचा कीस मिळतो का अजून, असं विचारलं. मग त्यांचा चेहरा पडला.

"अगं, ते फुलपात्र सापडलं का? अक्कानं दिलेलं. तिथेच कुठेतरी हरवलं मी."

हल्ली दर रविवारी त्या हे विचारतात. नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला. हे उत्तर माझं आहे, हे त्याला माहीत आहे.

"आई, तुम्ही नाही हरवलंत. मी परत दिलं. मगात घालून, फोनच्या नादात."

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही आई. तुम्ही विसरला नव्हता."

त्यांचा चेहरा उजळला, अगदी त्या दिवशी उजळला होता तसा. नणंदेकडे वळून म्हणाल्या, बघ, मी म्हटलं नव्हतं? मी फोन धरून उभी राहिले. यापुढचं, गाडीत उपसलेल्या पिशवीचं वाक्य मला पाठ आहे आणि दर रविवारी मी त्याची वाट बघते. त्यांनी ते एकदा तरी म्हणावं, रागानं म्हणावं, असं मला फार वाटतं. पण त्या हसत होत्या आणि मला विचारत होत्या की तिथं थंडी किती आहे, टोपी घातली आहेस ना.